फी माफ, पण ओटीपी म्हापशाला

आमच्या कर्नाटकात एसएसएलसी आणि पीयूसीचे, म्हणजे दहावी-बारावीचे, निकाल लागले की गावातली चार-सहा पोरं आमच्या पडवीत येऊन बसतात. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, बेळगावला जायचं तर दोन बस. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे फॉर्म भरून देण्याचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलंय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, फी किती?" यंदा मात्र एकाने वेगळंच विचारलं. "जर्मनीत कॉलेज फुकट आहे म्हणे. मग आपल्या सरकारला काय धाड भरलीय?" सगळे हसले. मी त्याला जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं, म्हणून आता बैजवार सांगतो.

आधी वडिलांची वही. मी २०११ साली बेळगावात बी.कॉम.ला गेलो तेव्हा बाबांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या बाजूने माझा खर्च मांडायला सुरुवात केली. ती वही अजून आहे. पहिल्या वर्षाची फी ४,३०० रुपये. बेळगावातल्या अनगोळात तिघांत मिळून एक खोली, माझ्या वाट्याचं भाडं महिन्याला ९००. मेस १,५००. दहा महिन्यांचे हे दोनच आकडे मिळून २४,००० होतात. बस, पुस्तकं, झेरॉक्स यांचे आणखी चार हजार. म्हणजे एकूण खर्चात फी सातवा-आठवा हिस्सा. ती माफ झाली असती तर बाबांनी आनंदाने पेढे वाटले असते, खरं माझी खोली काही सुटली नसती.

आणि वहीत न लिहिलेला एक आकडा होता. माझा चुलतभाऊ दहावीनंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत लागला, फेटलिंगला, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कडा घासून साफ करायला. हजेरी १८० रुपये. सव्वीस दिवस भरले की ४,६८० हातात. माझी वर्षाची फी त्याच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी! आई कधी बोलली नाही, पण दिवाळीला त्याने घरी मिक्सर आणला आणि मी मेसचं बिल आणलं तेव्हा ती गप्प होती, ते मला कळलं. नव्यांनी खर्चाचा अंदाज बांधताना हा न मिळालेला पगार जरूर धरावा. धरला नाही की दुसऱ्या वर्षाला घरात कुरबूर सुरू होते आणि पोरगा "जरा सहा महिने काम करून परत येतो" म्हणून जातो. परत आलेले मी फार थोडे पाहिलेत.

तेव्हा कुणी मला विचारलं असतं की सरकारने सगळ्यांनाच उच्च शिक्षण फुकट द्यावं का, तर मी ठाम नाही म्हणालो असतो. कारखानदाराच्या पोराची फी माझ्या बाबांनी का भरायची? ज्याला गरज आहे त्यालाच द्या, एवढं साधं गणित. हे गणित माझ्या धाकट्या बहिणीने मोडलं. तिने म्हणजे तिच्या नावाने.

तिचं नाव ज्ञानेश्वरी. मराठी शाळेतल्या गुरुजींनी दाखल्यावर इंग्रजीत ते आपल्या पद्धतीने लिहिलं, डी-एन-वायने सुरू होणारं. आधार काढताना ऑपरेटर कन्नड माणूस. त्याने त्याच्या पद्धतीने लिहिलं, जे-एनने सुरू होणारं. त्याचंही चूक नाही. बेळगावातल्या आपल्या तांत्रिक विद्यापीठाच्या आवाराचं नाव 'ज्ञान संगम', तेही इंग्रजीत जे-एननेच लिहितात. माणसं दोन्ही नावं एकच समजतात. संगणक समजत नाही.

२०२१ मध्ये तिने पदवीला प्रवेश घेतला आणि राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एसएसपीवर, अर्ज केला. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकला. आधार दुरुस्त करायला गेलो तर पुरावा हवा. पुरावा म्हणून एसएसएलसीचं गुणपत्रक दिलं. आधार दुरुस्त झालं, तर जात-उत्पन्नाचा दाखला जुन्या नावाने. तो नव्याने काढायला नाडकचेरी, म्हणजे दाखले देणारं महसूल खात्याचं ऑफिस. तिथे तलाठी रजेवर. दाखला मिळाला, नवा आरडी नंबर, म्हणजे दाखल्यावरचा क्रमांक, आला, तोवर मुदत संपली. दुसऱ्या वर्षी अर्ज मंजूर झाला, पैसे मात्र आले नाहीत, कारण बँकेचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. पासबुकात आधार नंबर लिहिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसा येण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबांचे या खेपांत किती दिवस मोडले ते मी मोजले नाहीत. मोडलेला दिवस म्हणजे मोडलेली हजेरी. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हे करावंच लागत नाही, तो फी भरून वर्गात जाऊन बसतो.

त्याच सुमारास 'शक्ती' योजना आली, ११ जून २०२३ ला. राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट. उत्पन्नाचा दाखला नाही, जात नाही, आरडी नंबर नाही. ओळखपत्र दाखवा, शून्य रुपयाचं तिकीट घ्या, बसा. बहिणीने तिसऱ्या वर्षाला खोली सोडली आणि घरून जाऊ-येऊ लागली. सकाळी सहाची बस, उभ्याने प्रवास, रात्री जेवतानाच डुलक्या. पण खोलीचं भाडं वाचलं. जे शिष्यवृत्तीने दोन वर्षांत केलं नाही ते एका बसने पहिल्याच दिवशी केलं.

ही सवलत कारखानदाराच्या मुलीलाही आहेच की. पण ती सहाच्या बसला येत नाही! सरकारी पदवी कॉलेजचंही तसंच आहे असं मला आता वाटतं. आमच्या तालुक्यातल्या सरकारी कॉलेजात बी.ए., बी.कॉम.ला कोण येतं ते मी डोळ्यांनी बघतो. तिथली फी सरसकट काढून टाका, कुणाला काही विचारू नका. चार सधन पोरं फुकट शिकली तर शिकू देत. चाळीस गरीब पोरांच्या बापांचे दिवस तरी वाचतील.

मेडिकलच्या सरकारी जागांबद्दल मात्र माझा जीव अजून धजत नाही. तिथे दोन-दोन वर्षं महागडा क्लास लावलेलीच पोरं जास्त पोचतात. त्यांना सरसकट फुकट म्हणजे ज्याच्या ताटात आहे त्यालाच पुन्हा वाढणं. माझ्या वकील मित्राशी यावरून दर वेळी वाद होतो. तो कर्नाटकातलाच एक खटला सांगतो. खाजगी मेडिकल कॉलेजांत सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये आणि बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला ६०,००० पर्यंत, असा फरक होता. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा हक्क मानला आणि कॅपिटेशन फी, म्हणजे जागेसाठी ठरल्या फीच्या वर उकळलेले पैसे, बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने त्या हक्काला मर्यादा घातली: चौदा वर्षांपर्यंत हक्क, त्यानंतर सरकारच्या ऐपतीप्रमाणे. "ऐपत" या शब्दावर आमचा चहा संपतो.

आता जर्मनीवाल्या पोराचं उत्तर. तिथल्या सरकारी विद्यापीठांतली शिकवणी फी २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी काढून टाकली हे खरं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लावले, तेही खरं. पण आपल्या पोराने बघायचा आकडा वेगळाच आहे. व्हिसासाठी साधारणपणे वर्षभराच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात ठेवून दाखवावे लागतात. दहा लाखांच्या वर गेले ते. फी शून्य आणि खोलीभाडं आ वासून उभं, म्हणजे आमच्या अनगोळच्या खोलीचीच गोष्ट, फक्त युरोत.

नव्यांना आमच्या भागातल्या काही खाचाखोचा सांगायला हव्यात. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरक कॉलेजच्या पाटीवर दिसत नाही. एकाच इमारतीत बी.कॉम. अनुदानित असतं आणि बी.सी.ए. विनाअनुदानित, फी कितीतरी पटीने जास्त. प्रवेशाआधी ऑफिसात "हा कोर्स अनुदानित आहे का" एवढंच विचारा आणि पावती जपून ठेवा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागते.

सीईटीला, म्हणजे कर्नाटकाच्या व्यावसायिक कोर्सच्या प्रवेश परीक्षेला, कन्नड माध्यमाचा कोटा मराठी शाळेतल्या पोरांना मिळत नाही, त्यावर कुढत बसू नका. ग्रामीण कोटा माध्यम विचारत नाही. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असली की तो मागता येतो. त्यासाठी शाळेचा दाखला उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घ्या, मे महिन्यात मुख्याध्यापक सापडत नाहीत.

महाराष्ट्रात जायचं असेल तर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय आहे. सीमाभागातल्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा, असे दोन दाखले लागतात. इथे दरवर्षी एक गफलत होते. प्रवेश मिळाला म्हणजे फीसुद्धा माफ, असं पोरं धरून चालतात. २०२४ पासून महाराष्ट्राने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली, ते ऐकून आमच्या गावच्या एका मुलीने कोल्हापूरच्या वाटेवर सगळा बेत बांधला होता. पण प्रवेशाची अट वेगळी आणि सवलतीची वेगळी. सवलतीला रहिवासाची आणि जातीच्या दाखल्याची अट असते आणि आपले दाखले कर्नाटकाचे. इथला ३-ब, म्हणजे कर्नाटकातला मागास प्रवर्ग, तिकडे चालत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची पूर्ण फी हाताशी आहे असं समजूनच तिकडे जा. सवलत मिळाली तर वरकड.

कर्ज काढावं लागलं तर बँकेत बाबांना एकटं पाठवू नका. स्वतः जा, कोर्सचं नाव नीट सांगा. माझे बाबा मॅनेजरसमोर "पोराला शिकायला पायजे" एवढंच बोलून गप्प बसले होते, आणि मॅनेजरही मग गप्प बसला.

यंदाही आषाढातल्या पहिल्या रविवारपासून मी मारुतीच्या देवळात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. दाखले, पासबुक, फीची पावती तर आणाच, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर ज्या फोनात आहे तो फोन बरोबर आणा. गेल्या साली एका घरातल्या तिघांचे अर्ज भरायचे होते आणि तिघांनाही नंबर एकच, थोरल्या भावाचा. भाऊ कामाला गोव्यात. आम्ही इकडे देवळात नेट धरून बसलेलो आणि ओटीपी तिकडे म्हापशाला वाजतोय, भाऊ ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. रात्री नऊला त्याने फोन उचलला तेव्हा गावातली लाइट गेली होती.