खाऱ्या वाऱ्यातली जुनी गाडी: काय तपासायचं, काय बदलायचं, वॉरंटी कशी वसूल करायची

कोकणात जुनी गाडी घेताना मीटरवरच्या किलोमीटरला फारसं महत्त्व देऊ नये. इथे गाडी संपते ती खाऱ्या वाऱ्याने, चार महिन्यांच्या पावसाने आणि घाटाच्या चढणीने. मालवणात समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली साठ हजार किलोमीटरची गाडी कऱ्हाडकडच्या सव्वा लाख किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त छळू शकते. आणि अशी गाडी घरात आली की बिघाडापेक्षा जास्त पैसे जातात ते अंदाजाने बदललेल्या पार्टांत. आधी मोजायचं, मग बदलायचं, आणि दोन्हीचा कागद ठेवायचा. व्होल्ट मोजायचं डिजिटल मल्टिमीटर हे या कामातलं पहिलं हत्यार. काही शेकड्यांत मिळतं.

पत्रा आणि पूर

गाडी बघायला जाताना टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक न्या. चाकाच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या भागावर चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. (बंपर आणि काही गाड्यांचे फेंडर प्लास्टिकचे असतात, तिथे धरणारच नाही.) दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती लाल मातीने बुजलेली असली की दार आतून सडतं, आणि बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. स्टेपनी काढून खालचा खळगा बघा. पुढच्या सीटसमोरचं कार्पेट कोपऱ्यातून ओढून खालचा फोम दाबा. ओल लागली तर वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं अडकली असण्याची शक्यता मोठी. तिथलं पाणी बाहेर न जाता आत उतरतं आणि बऱ्याच गाड्यांत नेमकं वायरिंगच्या जोडांवर पडतं.

दाराचा, बॉनेटचा गंज हा भाव पाडायचा मुद्दा. पण शॉकअपचा टॉवर (शॉकअपचं वरचं टोक बसतं ती जागा), जॅक लावायची जागा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या माउंटिंगभोवतीचा पत्रा, या तीन ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर गाडी फुकट मिळत असली तरी घेऊ नका.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. अशा पुरातून निघालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येते तेव्हा वरून काही कळत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, तिथपर्यंत कोणी साफ करत नाही. सीटखालचे रूळ, सीटचे बोल्ट आणि स्टिअरिंगखालचा ओबीडीचा सॉकेट (जिथे स्कॅनर जोडतात) बघा. गाडीच्या वयाच्या मानाने तिथे जास्त गंज किंवा हिरवट भुकटी दिसली तर समजून जा. नंबरावरून कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढून घ्या आणि विक्रेत्याकडे विम्याच्या क्लेमचा तपशील मागा.

गाडी घेतल्यावर अंडरकोटिंग (तळाच्या पत्र्याला गंजरोधक थर) करायचं असेल तर मार्च ते मेच्या दरम्यान. खालून गोड्या पाण्याने धुऊन, सुटा गंज खरवडून, निदान दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच. ओल्या गंजावर काळा थर मारला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आणखी वेगाने जातो. पाणी जायची भोकं थराखाली बुजत नाहीत ना, हे कामाच्या वेळी उभं राहून बघा. किनाऱ्याच्या वाळूत गाडी उतरवू नका. उतरलीच तर त्याच दिवशी खालून धुवा.

टक्‌-टक्‌ करणारा सेल्फ

कोकणातल्या जुन्या गाडीची सगळ्यात नेहमीची तक्रार ही. सेल्फ टक्‌-टक्‌ करतो, गॅरेजवाला बॅटरी बदलायला सांगतो, महिन्याने पुन्हा तेच, मग सेल्फ मोटर, मग अल्टरनेटर. बऱ्याचदा दोष असतो अर्थच्या पट्टीत. इंजिन आणि बॉडी यांना बॅटरीच्या मायनसशी जोडणारी ही तारेची पट्टी खाऱ्या हवेत हिरवी पडते. आणखी दोन खुणा: हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर उडतो, किंवा इंडिकेटरबरोबर मीटरचे दिवे लुकलुकतात.

मोजायची पद्धत अशी. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन बंद, बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. आता एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरं इंजिनच्या कुठल्याही उघड्या धातूवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेलं तर पट्टी किंवा तिचा जोड खराब. हीच तपासणी इंजिनऐवजी बॉडीवर टोक ठेवून पुन्हा करा.

साफ करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. पट्टीचा बोल्ट सोडून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग जोडू नका. तारेच्या आत हिरवेपणा शिरला असेल तर पट्टी नवीच टाका. बॅटरीच्या मानाने किरकोळ खर्च. हेडलाइट, रेडिएटर फॅन आणि फ्यूज बॉक्सचे सॉकेट पावसाळ्याआधी एकदा उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर निम्म्या ‘भुताटकीच्या’ तक्रारी बंद होतात.

इंजिनचा दिवा लागला तर ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर कोड दाखवतो. पण कोड म्हणजे पार्टाचं नाव नव्हे. ‘पी ०१७१’ आला म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढंच. कारण तडकलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, घाणेरडा एअरफ्लो सेन्सर किंवा थकलेला पेट्रोल पंपही. थेट ऑक्सिजन सेन्सर बदलायला निघालेल्या माणसाला आधी पाइप तपासायला लावा.

घाटात गरम होणारी गाडी

आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना काटा वर जातो, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न: गर्दीत उभी असतानाही गरम होते का? बाजारात उभी राहिल्यावर तापते आणि हायवेला खाली येते, तर रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले किंवा सॉकेट. एसी लावल्यावर फॅन फिरायला लागतो का ते बघा, बहुतेक गाड्यांत लागायला हवा. गावात ठीक आणि फक्त चढणीलाच तापते, तर रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा वॉटर पंप झिजलेला. किनाऱ्यावरच्या गाड्यांत रेडिएटरच्या पातळ पत्र्या मिठाने खाल्लेल्या असतात. बोट लावलं की भुगा होतो. अशा रेडिएटरला सर्व्हिसिंगचा उपयोग नाही, बदलावाच लागतो. सोबत त्याचं झाकणही बदला. झाकणाचा रबर गेला की दाब धरत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

कुठेही गळती नाही, तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा कडक होतोय, तर संशय हेड गास्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील). गास्केटची तपासणी झाल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. किनाऱ्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते रेडिएटरला विष. वाटेत अडल्यावर मिळेल ते गोडं पाणी ओता, पण घरी आल्यावर सगळं काढून नवं भरा.

काटा लाल रेषेकडे निघाला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, सुरक्षित जागा बघून बाजूला. वाफ दिसली किंवा काटा लालमध्ये गेला तर इंजिन लगेच बंद. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नका. ‘पुढच्या वळणावर टपरी आहे, तिथपर्यंत नेऊ’ हा विचार सगळ्यात महाग. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, मग फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गास्केट, मजुरी. शिवाय मीटरवर लाल दिवा असताना गाडी चालवली, या कारणाने वॉरंटीचा क्लेमही नाकारला जातो. थांबल्यावर लगेच मीटरचा फोटो काढा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबून आलात की ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतरताना दुसऱ्या गिअरला या. पावसात चार-आठ दिवस गाडी उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकामागे दगड लावा. गणपतीपासून शिमग्यापर्यंत गावी उभी राहणारी गाडी असेल तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि बॉनेट अधूनमधून उघडा. उंदरांना वायरिंग फार आवडतं.

वॉरंटी: कागद आधी, पाना नंतर

डीलरने दिलेल्या ‘इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी’चा कागद घेताना चार गोष्टी शोधा. मुदत महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये किती (जे आधी संपेल ते धरतात). एका क्लेमची कमाल रक्कम. काम कुठल्या वर्कशॉपमध्ये करायचं. आणि तिथपर्यंत टोइंगचा खर्च कोणाचा. चौथी गोष्ट कोकणात फार महत्त्वाची. वर्कशॉप कोल्हापुरात असेल आणि गाडी देवगडात बंद पडली तर घाट चढवून नेण्याचाच खर्च दुरुस्तीच्या जवळ जाऊ शकतो. क्लचप्लेट, ब्रेक पॅड, बुश, रबरी पाइप, बल्ब आणि गंज बहुधा वॉरंटीत नसतातच.

कंपनीची मूळ वॉरंटी उरली असेल तर ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात. एक्स्टेंडेड वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करण्याची पद्धत अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारून, लेखी करून घ्या. विम्याचंही तसंच: थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग नावावर करायला १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. पुढच्या नूतनीकरणाला इंजिन प्रोटेक्शनचं कलम जोडा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून इंजिन फुटलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. अर्थात कलम असलं तरी पाण्यातून निघालेल्या गाडीला सेल्फ मारू नयेच.

बॅटरीवर ‘२४ + २४’ असं काही लिहिलेलं असतं. बहुधा पहिले २४ महिने फुकट बदली आणि पुढचे २४ वापराच्या हिशेबाने सूट. सिरियल नंबर लिहिलेलं बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड नसेल तर दोन्ही विसरा.

क्लेम करताना पहिला नियम: वॉरंटीवाल्याने बघेपर्यंत गावातल्या फिटरला इंजिन उघडू देऊ नका, तो कितीही हुशार असो. जॉब कार्डवर ‘गाडी ओढत नाही’ असं मोघम लिहून घेऊ नका. ‘सकाळी थंड इंजिनला, दुसऱ्या गिअरमध्ये, ४० च्या पुढे हादरा, गरम झाल्यावर बंद’ असं लक्षण, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहायला लावा. स्कॅनचा प्रिंट मागा. क्लेम नाकारला तर कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. तोंडी ‘यात बसत नाही’ हे उत्तर नव्हे. वॉरंटीबाहेर पैसे भरून बदललेला जुना पार्ट बिलासकट परत घ्या.

लेखी नकार आल्यावर ईमेलने १५ दिवसांची मुदत द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; डीलर पुण्याचा असला तरी अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस चालतं. मात्र गाड्या विकणं हा ज्याचा धंदा नाही अशा शेजाऱ्याकडून गाडी घेतली असेल तर हा रस्ता जवळपास बंद. म्हणून तिथे पैसे देण्याआधीच तपासणी कसून करा.

दुरुस्तीला किती पैसे घालायचे याची मर्यादा बिघडण्याआधी ठरवा. एका कामाचा खर्च गाडीच्या आजच्या भावाच्या तिसऱ्या हिश्शावर गेला तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या, आणि टॉवर किंवा अ‍ॅक्सलजवळचा पत्रा सडला असेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. मोडीत काढताना रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. तो होईपर्यंत गाडी सरकारदरबारी तुमच्याच नावावर असते.