छंदासाठी कॅड सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

घरी थ्री-डी प्रिंटर आला किंवा लेझर कटिंगवाल्याशी ओळख झाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सगळ्यात चांगले कॅड (संगणकावर वस्तूची आकृती काढायचे) सॉफ्टवेअर कोणते?” या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण वस्तू कोणती, ती कशापासून बनणार आणि कोणत्या यंत्रावर जाणार, यांपैकी काहीच त्यात सांगितलेले नसते. पुस्तकांचे कपाट, ड्रोनचा सांगाडा, दारावरची नावाची पाटी आणि गणपतीच्या मखराची नक्षी या चार कामांना चार वेगवेगळी सॉफ्टवेअर योग्य ठरू शकतात. तरीही लोक आधी सॉफ्टवेअर उतरवून घेतात, त्याच्याशी झगडतात आणि मग “आपल्याला डिझाइन जमत नाही” असे ठरवून मोकळे होतात. माझ्याकडे अडचण घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात काही दोष नसतो. त्यांच्या निवडीचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. शेवटी कारागिराच्या किंवा यंत्राच्या हाती कोणती फाइल द्यायची आहे, तिथून सुरुवात करावी आणि मागे येत येत सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचावे.

त्रिकोणांच्या जाळीला घनाकृती समजणे

ही चूक सर्वांत महाग पडते आणि सर्वांत जास्त वेळा होते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

त्रिमितीय सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर मुख्यतः वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान सपाट तुकड्यांच्या जाळीने बनवते. फ्रीकॅड, फ्यूजन, ऑनशेप यांसारखी सॉफ्टवेअर वस्तू घनाकृती म्हणून साठवतात. तिथे वर्तुळ म्हणजे खरोखरच एक केंद्र आणि एक त्रिज्या असते. पडद्यावर दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो.

ओळखीतल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ताऱ्यांचे फोटो काढण्यासाठी ट्रॅकर बनवायला घेतला होता. पृथ्वी फिरत असल्यामुळे लांब एक्स्पोजरमध्ये तारे रेघांसारखे उमटतात. ते टाळण्यासाठी कॅमेरा त्याच गतीने उलट दिशेला फिरवावा लागतो, आणि त्यासाठी बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, एक आटेदार दांडा आणि एक स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी मोटर) एवढे साहित्य पुरते. मोटर बसवायची पट्टी त्याने गेममधली पात्रे बनवताना हाताखाली आलेल्या जाळीवाल्या सॉफ्टवेअरमध्ये काढली. नेमा १७ या प्रमाणित मापाच्या मोटरसाठी ३१ मिमी अंतरावर चार एम-३ (३ मिमी व्यासाच्या) स्क्रूंची भोके आणि शेजारी ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगसाठी २२ मिमी व्यासाचे भोक, एवढेच काम होते. पट्टी प्रिंट झाली, पण बेअरिंग काही केल्या आत जाईना. त्याने प्रिंटरचे पट्टे ताणले, प्लास्टिकचा प्रवाह कमीजास्त केला, तापमान बदलले, आणि शेवटी पट्टी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, “काका, व्यास बावीसच टाकलाय. प्रिंटरच चुकतोय.”

प्रिंटर चुकत नव्हता. भोक उन्हात धरून पाहिल्यावर त्याच्या कडेने सपाट पैलू स्पष्ट दिसत होते, कारण ते वर्तुळ नव्हतेच. तो २४ बाजूंचा बहुभुज होता. त्याचे कोपरे २२ मिमीच्या वर्तुळावर होते, पण समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर २२ गुणिले ७.५ अंशांची कोसाइन, म्हणजे २१.८१ मिमी भरत होते. प्रिंट करताना भोके किंचित आकसतात ते आणखी वेगळे. पोलादी बेअरिंग तिथे बसणे शक्यच नव्हते.

यावर त्याने जो उपाय केला तो मला मूळ चुकीपेक्षा जास्त खटकला. स्लायसरमध्ये (आकृतीचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याने अख्खी पट्टी १०२ टक्के मोठी केली. बेअरिंग बसले, पण मोटरच्या भोकांमधले ३१ मिमी अंतर ३१.६२ झाले आणि स्क्रू तिरके जाऊ लागले. मग कानशीने भोके ओढून लांबट केली, त्यामुळे मोटर हलू लागली. प्लास्टिकच कमकुवत आहे असे ठरवून तो ती पट्टी ॲक्रिलिकमध्ये कापायला लेझरवाल्याकडे गेला. तिथे डीएक्सएफ, म्हणजे सपाट रेखाटनाची फाइल मागितली गेली. त्याने ती काढून दिली, तर त्या माणसाने पडद्यावर भोक मोठे करून पाहिले आणि “यात सर्कल कुठंय? नुसत्या लाइनी आहेत,” असे म्हणून फाइल परत केली. त्याने ती तशीच कापली असती तर पैसे आणि ॲक्रिलिक दोन्ही वाया गेले असते. त्या माणसाची नजर चोख होती म्हणून निभावले.

शेवटी आम्ही ती पट्टी फ्रीकॅडमध्ये एका संध्याकाळी पुन्हा काढली. बेअरिंगचे भोक, स्क्रूंमधले अंतर, पट्टीची जाडी ही सगळी मापे फ्रीकॅडमधल्या स्प्रेडशीटमध्ये नावानिशी लिहिली आणि आकृतीला जोडली, त्यामुळे भोक २२ चे २२.२ करायला एकच आकडा बदलावा लागला आणि बाकी काहीही हलले नाही. ट्रॅकरच्या तळाशी पाचर असते. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यासाठी तिचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका ठेवावा लागतो. पुण्यात तो सुमारे १८.५ अंश असतो, नागपूरला २१ च्या थोडा वर आणि पणजीला १५.५ च्या आसपास. त्या विद्यार्थ्याला सुट्टीत विदर्भात फोटो काढायचे होते. पाचरीचा कोन बदलून नवी फाइल तयार करायला त्याला मिनिटही लागले नाही.

ब्लेंडर वाईट आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मूर्ती, मुखवटे, खेळणी, पानाफुलांची नक्षी यांसाठी मी स्वतः तेच सुचवतो, कारण तिथे नजर महत्त्वाची असते आणि आकडा दुय्यम असतो. पण जिथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूत बसायची आहे, तिथे घनाकृतीवालेच सॉफ्टवेअर घ्यावे. ओपनएससीएडीमध्ये चित्र न काढता मजकूर लिहून आकार बनवतात, आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांना ते मनापासून आवडते. मात्र तिथेही वर्तुळ म्हणजे बहुभुजच असतो, हे माहीत असलेले लोक भोकाची त्रिज्या हिशेबाने वाढवून देतात.

याच चुकीचा जोडभाग म्हणजे प्रिंटसाठी काढलेली एसटीएल फाइल तेवढी जपून ठेवणे. हे रूप १९८७ मध्ये थ्री-डी सिस्टिम्स कंपनीने आणले; त्यात नुसते त्रिकोण असतात, माप कोणत्या एककात आहे याचीही नोंद नसते. थिंगिव्हर्ससारख्या तयार आकृत्यांच्या संकेतस्थळावरून एसटीएल उतरवून “यात थोडासाच बदल करायचा आहे” म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगतो की, व्हर्नियर (बारीक मापे घ्यायचे साधन) घेऊन मापे काढा आणि वस्तू नव्याने काढा. ते बहुधा लवकर होते. स्वतःच्या कामाची मूळ फाइल आणि तिच्यासोबत एक स्टेप फाइल अशा दोन प्रती मी प्रत्येक टप्प्यावर ठेवतो. स्टेप हे आयएसओ १०३०३ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप आहे आणि ते जवळपास प्रत्येक घनाकृती सॉफ्टवेअर वाचते, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदलावे लागले तरी केलेले काम सोबत नेता येते.

तासाभरात निकाल लावणे

व्हिडिओमध्ये कोणीतरी दहा मिनिटांत गिअरबॉक्स काढतो, ते पाहून माणूस सॉफ्टवेअर उतरवतो, त्याला साधा चौकोनही नीट काढता येत नाही, आणि तो दुसरे सॉफ्टवेअर उतरवतो. तिथेही तेच होते. असे चार-पाच सॉफ्टवेअर पालथे घातलेले लोक मला नेहमी भेटतात आणि त्यांच्यापैकी कोणालाही एकसुद्धा सॉफ्टवेअर येत नसते. त्यांची अडचण सॉफ्टवेअरची नसून आरेखनाला बंधने घालण्याची असते, आणि ती सगळीकडे सारखीच असते.

घनाकृती सॉफ्टवेअरमध्ये आधी सपाट रेखाटन करायचे आणि त्यातल्या प्रत्येक रेषेला ती आडवी आहे, या रेषेला समांतर आहे, या बिंदूपासून इतक्या अंतरावर आहे, असे बांधून ठेवायचे असते. सर्व बंधने पूर्ण झाली की फ्रीकॅडमध्ये रेखाटन हिरवे होते, फ्यूजनमध्ये निळ्या रेषा काळ्या होतात. अधीर माणूस हा रंग बदलण्याची वाट पाहत नाही. तो रेषा नजरेने जुळवून उंची देतो, कडा गोल करतो, पुन्हा भोके पाडतो, आणि नंतर एखादे माप बदलले की सगळी आकृती वेडीवाकडी होते. मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. रंग पूर्ण बदलल्याशिवाय पुढचे बटण दाबायचे नाही आणि कडा सर्वांत शेवटी गोल करायच्या, या दोन सवयी लागल्या की अर्ध्या तक्रारी राहत नाहीत.

फ्रीकॅडच्या बाबतीत एक रास्त तक्रार मात्र होती. आधीच्या आवृत्त्यांमध्ये एखाद्या पृष्ठावर पुढचे रेखाटन बसवले आणि नंतर मागे जाऊन बदल केला, की पृष्ठांचे क्रमांक बदलत आणि भोक भलत्याच जागी उमटे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास बराच आवरला गेला आहे. तरीही मी रेखाटने शक्यतो सॉफ्टवेअरने दिलेल्या मूळ प्रतलांवरच (सपाट संदर्भ-पातळ्यांवरच) बसवतो, कारण ती कधीच सरकत नाहीत. शिकण्यासाठी जुने व्हिडिओ निवडू नका. त्यांतली बटणे आणि त्यांच्या जागा आज जुळत नाहीत आणि नवखा माणूस नाहक गोंधळतो.

निवड करायची माझी पद्धत अशी आहे: दोनच सॉफ्टवेअर घ्यावीत, चार भोकांची साधी पट्टी दोन्हीत काढावी, फाइल बंद करावी, आणि दुसऱ्या दिवशी पट्टीची लांबी, जाडी आणि एका भोकाचा व्यास बदलून पाहावा. पहिल्या दिवशी कोणते सोपे वाटले याला मी फारशी किंमत देत नाही. दुसऱ्या दिवशी कोणते मोडले नाही ते पाहतो. छंदाच्या कामात पहिला नमुना कधीच शेवटचा नसतो, त्यामुळे खरे काम म्हणजे बदल करणे हेच असते.

‘फुकट’ या शब्दापुढे वाचायचे थांबणे

फ्यूजनचा वैयक्तिक वापराचा परवाना विनामूल्य आहे आणि छंदासाठी ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०२० मध्ये त्याच्या अटी बऱ्याच आवळल्या. एका वेळी १० च फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात, आणि सीएनसी राउटरसाठी (संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रासाठी) मार्ग तयार केला तर हवेतल्या हवेत होणाऱ्या जलद हालचालीही कापण्याच्या मंद गतीनेच होतात. ज्याचे प्रिंटरवरच भागते त्याला दुसऱ्या अटीने काही फरक पडत नाही. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याला तासन्‌तास फरक पडतो. शिवाय फ्यूजन लिनक्सवर चालत नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही उघडते, पण त्याच्या विनामूल्य योजनेत तुमची प्रत्येक आकृती सर्वांना पाहता येते. ट्रॅकरची पट्टी कोणी पाहिली तर बिघडत नाही. पुढे विकायचा विचार असलेल्या वस्तूसाठी मात्र हा मार्ग नाही, आणि तिथे तो परवानाही लागू होत नाही. फ्रीकॅड मुक्त स्रोत आहे, फाइल आपल्या संगणकावर राहते आणि नेट गेले तरी काम थांबत नाही, म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे स्वतःच्या फाइली उघडायच्या आहेत त्यांना मी आधी तेच सुचवतो, जरी ते शिकायला इतरांपेक्षा जास्त धीर लागतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

फक्त ॲक्रिलिक किंवा एमडीएफ लेझरवर कापायचे असेल तर त्रिमितीय सॉफ्टवेअरची गरजच नसते. लिब्रेकॅडमध्ये सपाट आकृती काढून डीएक्सएफ द्यावी.

टिंकरकॅड या सोप्या सॉफ्टवेअरला लहान मुलांचे म्हणून नाक मुरडू नये. किल्लीची अडकवणी किंवा नावाची पाटी यांपलीकडे ज्याला जायचेच नाही, त्याने दुसरे काही शिकण्यात वेळ घालवू नये.

नोकरीच्या जाहिरातीत कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स दिसते म्हणून घरच्या कामासाठी त्यांची चोरीची प्रत टाकणारे पुष्कळ आहेत. हे बेकायदा आहे, क्रॅकबरोबर (परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या फाइलबरोबर) संगणकात काय शिरते ते कळत नाही, आणि मुख्य म्हणजे छंदाला त्यातले दहा टक्केही लागत नाही.

सुताराशी काम असेल तर आकृती मिलिमीटरमध्ये काढावी, पण कागदावर इंच आणि सूतही लिहून द्यावे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जवळजवळ ३.१८ मिमी, एककाचा घोळ झाला की चूक २५.४ पट होते. प्लायची जाडी विक्रेता सांगतो ती धरू नये. हातात आलेला तुकडा व्हर्नियरने मोजावा, त्यावर सनमायका लागणार असेल तर तीही जाडी मिळवावी, आणि ती सॉफ्टवेअरमध्ये एकाच ठिकाणी नाव देऊन लिहावी, म्हणजे पुढच्या खेपेला वेगळा प्लाय आला तरी सगळ्या खाचा आपोआप बदलतात.

आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर कोणतेही कॅड सॉफ्टवेअर आजमावू नका. मधल्या चाकाचा साधा तीन बटणांचा माउस घ्या आणि मगच कोणते सोयीचे आहे ते ठरवा.