ज्वारीतील गुणधर्मांचे जनुकीय नकाशांकन: संकरापासून निवडीच्या मार्करपर्यंत

एखाद्या गुणधर्माचे नकाशांकन करणे म्हणजे तो घडवणारी जनुके ज्वारीच्या दहा गुणसूत्र-जोड्यांपैकी कोणत्या जोडीवर आणि तिच्या कोणत्या भागात आहेत, हे शोधणे होय. बीटीएक्स 623 या वाणाचा सुमारे 73 कोटी बेसजोड्यांचा जनुकसंच 2009 साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरील ठरावीक जागा ओळखण्याच्या डीएनएतील खुणा, मिळवणे फारसे कठीण राहिलेले नाही. आता नकाशा फसतो तो बहुधा प्रयोगशाळेबाहेर, म्हणजे मातृ-पितृ वाण निवडताना आणि शेतात नोंदी घेताना.

निवडलेल्या गुणधर्मात दोन्ही वाण एकमेकांपासून शक्य तितके दूर असावेत, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु फुलोऱ्याचा काळ आणि उंची या दोन बाबतींत ते शक्य तितके जवळचे असावेत, याकडे दुर्लक्ष होते. फुलोऱ्याचा काळ ठरवणारे एमए1 आणि उंची ठरवणारे डीडब्ल्यू2 ही दोन्ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर आहेत. ती जर संकराच्या संततीत विभागली गेली, तर धान्याचे उत्पादन, कडब्याचे वजन, दुष्काळातील हिरवेपणा असे जे जे मोजावे ते सारे सहाव्या गुणसूत्रावर गोळा होते आणि आपण केवळ उंच व उशिरा फुलणारी झाडे पुन्हा एकदा शोधलेली असतात. त्यामुळे संकर करण्यापूर्वी दोन्ही वाण एकाच हंगामात शेजारी पेरून त्यांचा फुलोरा आणि उंची पाहावी, आणि फरक मोठा असेल तर दुसरी जोडी शोधावी.

ज्वारी मुख्यतः स्वपरागीत असली तरी तिच्यात काही प्रमाणात परपरागीभवन होतेच. म्हणून संकरातून आलेले प्रत्येक झाड खरे संकरित आहे का, हे दोन्ही पालकांचे अंश एकाच वेळी दाखवणाऱ्या मार्करने तपासावे आणि पुढील प्रत्येक पिढीत कणीस फुलण्यापूर्वीच त्यावर कागदी पिशवी चढवावी. दुसऱ्या पिढीतील प्रत्येक झाडाच्या एकेका दाण्यापासून वंश पुढे नेत गेल्यास सहाव्या पिढीपर्यंत विषमयुग्मी स्थाने (जेथे दोन्ही पालकांचे वेगवेगळे अंश एकत्र असतात अशा गुणसूत्रावरील जागा) सुमारे 3 टक्के उरतात आणि आठव्या पिढीत ती 1 टक्क्याच्याही खाली येतात. अशा स्थिर वंशांचे बियाणे अनेक ठिकाणी आणि अनेक हंगामांत पेरता येते, आणि तीन-चार वर्षांची ही वाट त्यासाठीच पाहायची असते. वंशांची संख्या किमान 200 असावी. शंभराच्या आत राहिल्यास लहान प्रभावाची स्थाने निसटतात, आणि जी सापडतात त्यांचा प्रभाव प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा दिसतो.

मार्करची माहिती हाती आल्यावर प्रत्येक मार्करवर दोन्ही पालकांचे अंश 1:1 प्रमाणात आहेत का, हे काय-वर्ग चाचणीने (प्रत्यक्ष आणि अपेक्षित प्रमाणांची तुलना करणाऱ्या सांख्यिकी चाचणीने) पाहावे. फार विषम मार्कर, जुळे वंश आणि दोघांपैकी कोणत्याच पालकाशी न जुळणारे वंश वगळावेत. पुनर्संयोगाच्या (जोडीतील गुणसूत्रांमध्ये होणाऱ्या तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) प्रमाणाचे सेंटीमॉर्गनमध्ये, म्हणजे जनुकीय नकाशावरील अंतराच्या एककात, रूपांतर करण्यासाठी सहसा कोसंबी सूत्र वापरतात. (इतिहासकार म्हणून आपल्याला परिचित असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हेच त्याचे जनक; त्यांनी ते 1944 साली मांडले.) संगणक प्रणालीला संतती स्थिर वंशांची आहे हे सांगायला विसरू नये, अन्यथा जवळच्या मार्करांमधील अंतरे जवळजवळ दुप्पट निघतात.

शेतातील नोंदी हा या कामाचा गाभा आहे. दुष्काळात फुलोऱ्यानंतरही पाने हिरवी राहण्याचा गुणधर्म घ्या. त्यासाठी बी 35 या ज्वारीच्या वंशातील एसटीजी1 ते एसटीजी4 ही स्थाने प्रसिद्ध आहेत. सर्व वंशांची नोंद एकाच तारखेला घेतली, तर उशिरा फुललेला वंश केवळ त्याची पाने कोवळी असल्यामुळे हिरवा दिसतो. म्हणून प्रत्येक वंशाची नोंद त्याच्या स्वतःच्या फुलोऱ्यानंतर ठरावीक दिवसांनीच घ्यावी आणि विश्लेषणात फुलोऱ्याची तारीख सहचल म्हणून (जिचा परिणाम वजा करायचा अशी सोबतची नोंद म्हणून) घालावी. खोडमाशीच्या बाबतीत अडचण वेगळी असते. माशीचा प्रादुर्भाव पुरेसा आणि सर्वत्र सारखा नसेल, तर माशीच्या तावडीतून नुसताच सुटलेला वंशही प्रतिकारक ठरतो. म्हणून पेरणी मुद्दाम उशिरा करतात, कडेला संवेदनशील वाणाच्या ओळी सुमारे 20 दिवस आधी पेरतात आणि ओलसर मासळीची पूड पसरून माशा आकर्षित करतात. उगवणीनंतर 14 आणि 21 दिवसांनी पोंगेमरीचे (रोपाचा मधला पोंगा वाळून जाण्याचे) प्रमाण मोजावे, त्याचबरोबर रोपांच्या पानांची चकाकी आणि पानांवरील लव यांचीही स्वतंत्र नोंद ठेवावी, कारण हे घटक अधिक सहज मोजता येतात आणि त्यांची स्थानेही अधिक स्पष्टपणे हाती लागतात.

विश्लेषणात एलओडी (एखाद्या ठिकाणी जनुक असल्याचा पुरावा किती भक्कम आहे हे सांगणारा अंक) 3 ही मर्यादा डोळे झाकून स्वीकारू नये. आपल्याच नोंदी 1000 वेळा वंशांमध्ये यदृच्छया अदलाबदल करून मर्यादा काढावी. एकाच ठिकाणी, एकाच हंगामात दिसलेल्या स्थानावर पैदाशीचा कार्यक्रम उभारू नये. स्थान गुणसूत्रबिंदूलगत (सेंट्रोमिअरलगत) आले असेल तर अधिक सावध राहावे, कारण तेथे पुनर्संयोग फारच कमी होतो आणि दोन-तीन सेंटीमॉर्गनच्या आत अनेक कोटी बेसजोड्या दडलेल्या असू शकतात. तेथे जनुक नेमके शोधण्यात वेळ दवडण्यापेक्षा संपूर्ण खंडच उचलून नेणे शहाणपणाचे.

खात्रीचे स्थान चांगल्या वाणात आणताना त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर ठेवावा. प्रत्येक प्रतिसंकरात (संततीचा त्याच चांगल्या वाणाशी पुन्हा केलेल्या संकरात) आधी हे दोन मार्कर असलेली झाडे निवडावीत आणि त्यांतून उरलेल्या जनुकसंचात मूळ वाणाचा वाटा सर्वाधिक असलेली झाडे पुढे न्यावीत. केवळ नशिबावर सोडल्यास तिसऱ्या प्रतिसंकरात हा वाटा सरासरी 93.75 टक्के होतो. मार्करच्या निवडीने तो दुसऱ्यातच गाठता येऊ शकतो. शेवटी तयार झालेला वंश आणि मूळ वाण शेजारी पेरून फुलोरा, उंची आणि दाण्याचा दर्जा यांची तुलना करावी, कारण हव्या असलेल्या खंडासोबत आलेले नको ते जनुक बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी उघडे पडते.