जुन्या पिकअपचा सुटा गिअरबॉक्स घरी कसा खोलावा आणि पुन्हा कसा बांधावा

जुन्या पिकअपसाठी दुसरा, सुटा गिअरबॉक्स मिळवून तो सवडीने बांधून ठेवणे ही चैन वाटते. प्रत्यक्षात ती मोठी सोय आहे. गाडीत बसलेला बॉक्स उतरवून खोलला की गाडी जागेवर उभी राहते आणि उभी राहिलेली गाडी मालकाला घाई करायला लावते. मग घासलेली सिंक्रो रिंग (गिअर टाकताना फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणारी पितळी कडी) ‘अजून चालेल’ असे म्हणून परत बसवली जाते. सुटा बॉक्स मात्र योग्य भाग मिळेपर्यंत टेबलावर तीन महिने पडून राहिला तरी कोणाचे काही अडत नाही. पुढील माहिती इंजिनामागे लांबीत बसणाऱ्या, चार गिअरच्या, क्लच शाफ्ट (इंजिनाकडून फिरणारा), मेनशाफ्ट (चाकांकडे जोर नेणारा) आणि लेशाफ्ट (या दोघांना गिअरांनी जोडणारा) असे तीन शाफ्ट असलेल्या बॉक्सला धरून लिहिली आहे. नेमकी मापे त्या त्या बॉक्सच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

पैसे खर्च करण्याआधी बॉक्स आपल्या गाडीचाच आहे का, याची खातरजमा करावी. बेल हाउसिंगच्या, म्हणजे बॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, बोल्टांची जागा, क्लच शाफ्टची लांबी, त्याच्या खाचांची संख्या, इंजिनाच्या बाजूच्या टोकाची जाडी आणि स्पीडोमीटरच्या केबलची जागा ही सर्व मापे गाडीतल्या बॉक्सशी किंवा क्लच प्लेटशी ताडून पाहावीत. गिअरचे गुणोत्तर तर बॉक्स न उघडताही मोजता येते. पहिला गिअर टाकून क्लच शाफ्ट हाताने फिरवावा आणि मागचा शाफ्ट एक फेरा पूर्ण करेपर्यंत क्लच शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजावे. जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये १९६८ पासून बसवल्या गेलेल्या एसएम ४६५ या बॉक्सचा पहिला गिअर ६.५५ चा असल्याने तेथे साडेसहा फेऱ्यांहून किंचित जास्त लागतात, तर हलक्या गाड्यांच्या बॉक्सना साधारण साडेतीन ते चार फेरे पुरतात. या जातीचे ओतीव लोखंडी बॉक्स सुमारे ८० किलो भरतात, म्हणून ते एकट्याने उचलू नयेत आणि ज्या टेबलावर ठेवायचे त्याचे पाय आधी तपासावेत.

तेल काढताना ते पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावे, कारण बॉक्सच्या तब्येतीचा निम्मा अंदाज तेथेच येतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बसलेला करडा, मऊ लगदा ही नेहमीची झीज होय. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग किंवा पितळी बुश झिजत आहेत असे समजावे. कडक तुकडे, दातांचे टवके किंवा सुईसारखे मोडलेले रोलर मिळाले तर खर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा, आणि तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले असल्याने प्रत्येक बेअरिंग गंजलेले आहे असे धरून चालावे. यानंतर सर्व भोके बुचांनी बंद करून बॉक्स बाहेरून रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावा. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. बंद जागेत त्याची वाफ एका ठिणगीची वाट पाहत असते.

हत्यारांत आतल्या आणि बाहेरच्या सर्क्लिपच्या (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगदार कडीच्या) पकडी, बेअरिंग पुलर, फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), डायल गेज, टॉर्क पाना, पितळी पंच आणि नरम तोंडाचा हातोडा एवढे असले म्हणजे भागते. हायड्रॉलिक प्रेस हवीच असे नाही, पण मेनशाफ्टवरचे बेअरिंग अडून बसले तर तेवढे एक काम प्रेस असलेल्या वर्कशॉपमधून करून घेणे शहाणपणाचे ठरते.

खोलण्याची सुरुवात बॉक्स न्यूट्रलमध्ये आणून वरचे झाकण काढण्यापासून करावी. गिअर अडकलेला असताना झाकण उचलले तर सिलेक्टर फोर्क (गिअर बदलणारे काटे) स्लीव्हच्या, म्हणजे गिअर शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कडीच्या, खाचेतून सुटत नाहीत आणि ओढाताणीत वाकतात. झाकणातील सिलेक्टर रॉड बाहेर सरकवताना त्याखालच्या स्प्रिंगा छर्ऱ्यांना बाहेर उडवतात, म्हणून त्या भोकांवर कापड धरावे. मागच्या फ्लँजचा मोठा नट सैल करायचा असेल तर स्लीव्ह हाताने सरकवून एकाच वेळी दोन गिअर अडकवावेत. शाफ्ट जागीच जखडला जातो आणि वेगळे साधन लागत नाही.

येथे थोडे थांबावे. सर्व भाग अजून जागेवर असतानाच मापे घ्यायची असतात, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. प्रत्येक गिअर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने किती हलतो, म्हणजेच त्याचा एंड प्ले किती आहे, हे फीलर गेजने मोजून वहीत लिहावे. लेशाफ्टचा प्लेही लिहावा. गिअर उसळून न्यूट्रलमध्ये येण्याची तक्रार अनेकदा दातांची नसून थ्रस्ट वॉशर (गिअरच्या बाजूला टेकणाऱ्या चकत्या) झिजल्यामुळे वाढलेल्या या प्लेची असते, आणि एकदा सगळे सुटे झाल्यावर ते कळण्याचा मार्ग उरत नाही. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे, मात्र केवळ छायाचित्रावर विसंबू नये. हब (स्लीव्हच्या आत शाफ्टवर बसणारा भाग) कोणत्या बाजूने बसला होता हे त्यात हमखास अंधारात जाते. हब आणि स्लीव्ह यांच्यावर रंगाची खूण करून ठेवावी, कारण ते दोघे एकमेकांना सरावलेले असतात आणि जुनीच जोडी, जुन्याच दातांवर परत बसायला हवी.

अनेक जुन्या बॉक्समध्ये लेशाफ्टचा दांडा स्थिर असतो आणि त्यावर गिअरांचा जोडसमूह सुट्या सुयांवर, म्हणजे नीडल रोलरवर, फिरतो. हा दांडा तसाच ठोकून काढला तर सुया सगळीकडे विखुरतात. त्याऐवजी दांड्यापेक्षा किंचित बारीक आणि जोडसमूहाइतक्याच लांबीचा खोटा दांडा बनवून घ्यावा आणि त्यानेच मूळ दांडा पुढे ढकलत न्यावा, म्हणजे सुया आत टिकतात आणि समूह अलगद बॉक्सच्या तळाशी बसतो. मग क्लच शाफ्ट पुढून आणि मेनशाफ्ट वरून काढण्यास जागा होते. क्लच शाफ्टच्या पोकळीत मेनशाफ्टचे टोक ज्या सुयांवर टेकते त्याही मोजाव्यात आणि आकडा लिहून ठेवावा.

तपासणीला घाई करू नये, कारण खरे निर्णय येथेच घ्यायचे असतात. दातांवर एकसारखी चमक असणे चांगले. बारीक खड्डे पडलेले असतील तर वरचा कठीण थर गेलेला असून तो गिअर आपल्या जोडीदारासह बदलावा लागतो. नव्या गिअरला जुना जोडीदार दिला की घरघर सुरू होते. सिंक्रोच्या बाजूचे छोटे दाते टोकदार असावेत. त्यांची टोके गोलावली असतील तर गिअर नीट अडकत नाही. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून बसवावी आणि रिंग व गिअरचे दाते यांमधील फट तीन ठिकाणी मोजावी. बऱ्याच बॉक्समध्ये नव्या रिंगेला एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक फट असते, ती ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली तर रिंग बदलण्याच्या यादीत टाकावी. रिंगेच्या आतील बारीक आटे तेल कापून शंकूला पकड देतात, म्हणून ते बोटाला धारदार लागले पाहिजेत. ट्रकच्या अनेक जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नसतो, त्यामुळे तेथे रिंग हरवली असे समजून शोधाशोध करू नये.

लेशाफ्टच्या दांड्यावर सुयांचा मार्ग नखाने चाचपावा. नख अडकले तर दांडा आणि सुया दोन्ही नव्या घ्याव्यात. बेअरिंग धुऊन वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नये, कारण तेलाविना त्या वेगात त्याचे नुकसान होते आणि ते फुटून इजाही होऊ शकते. बॉक्सच्या कवचात बेअरिंग ज्या भोकात बसते तेथे घासल्याच्या गोल खुणा दिसल्या तर बेअरिंगची बाहेरची रिंग फिरत होती, आणि ही गोष्ट नवे बेअरिंग घालून सुटत नाही.

बेअरिंग घेताना वाहनाच्या नावाने मागण्यापेक्षा त्यावर कोरलेल्या क्रमांकाने मागावे. ६२०७ या क्रमांकात शेवटच्या ०७ ला पाचाने गुणले की आतील भोक ३५ मिलिमीटर मिळते. क्रमांकापुढे एनआर अक्षरे असतील तर बाहेरच्या रिंगेवर खाच आणि तिच्यात सर्क्लिप असते, जिच्यावर संपूर्ण शाफ्टची जागा ठरते. ही अक्षरे विसरली तर मापाने बरोबर असलेले बेअरिंगही निरुपयोगी ठरते.

बांधताना खोलण्याचा क्रम उलटा चालतो. बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर केवळ आतल्या रिंगेवर आणि कवचात बसवताना केवळ बाहेरच्या रिंगेवर द्यावा. छर्ऱ्यांमधून गेलेला हातोड्याचा एक घाव नव्या बेअरिंगलाही पुढे आवाज करायला लावतो. उघडे बेअरिंग तेलात ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास ते बहुधा हातानेच सरकते. १२० अंशांच्या वर मात्र नेऊ नये. ज्योत तर लावूच नये. सिंक्रो रिंगा बसवण्याआधी गिअरच्याच तेलात भिजवाव्यात आणि त्यांच्या खाचा हबमधील पट्ट्यांवर आल्या आहेत याची खात्री करावी. सुया पेट्रोलियम जेलीने चिकटवून खोट्या दांड्यासह समूह तळाशी ठेवावा, मग मेनशाफ्ट आणि क्लच शाफ्ट बसवून समूह दोरीने वर उचलावा आणि खरा दांडा सरकवावा. हे करताना थ्रस्ट वॉशर घसरून पडणे हा नेहमीचा अनुभव आहे. चिडू नये, पुन्हा सुरुवात करावी.

झाकणातील सिलेक्टर रॉडांच्या मधली, एकाच वेळी दोन गिअर पडू न देणारी इंटरलॉक पिन अगदी छोटी असते आणि ती नसली तरी झाकण निमूट बसते. मी पहिल्या बॉक्समध्ये ती ट्रेमध्येच विसरलो होतो; एकाच वेळी दोन गिअर अडकून शाफ्ट जखडला तेव्हा ती आठवली, आणि नशिबाने तेव्हा बॉक्स टेबलावरच होता. म्हणून झाकण लावण्याआधी एक रॉड गिअरमध्ये ढकलून दुसरा हलवून पाहावा. तो हलता कामा नये.

पॅकिंगच्या जागी नुसते सीलंट लावून काम भागवू नये, कारण काही बॉक्समध्ये पॅकिंगच्या जाडीवरच बेअरिंगचा प्ले ठरवलेला असतो. पुढच्या बेअरिंगच्या कव्हरखाली तेल परत आत जाण्याचे भोक असते, ते पॅकिंगने झाकले गेले तर तेल थेट क्लचवर येते. ऑइल सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी आणि ओठावर ग्रीस लावावे.

तेलाच्या बाबतीत जुन्या पितळी सिंक्रोच्या बॉक्सना जीएल-४ दर्जाचे तेल द्यावे. जीएल-५ हे डिफरन्शियलसाठी बनलेले तेल असून त्यात अतिदाबाची गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जास्त प्रमाणात असतात. ती पितळेला चांगली नाहीत. ‘आकडा मोठा म्हणजे तेल चांगले’ हा समज येथे महागात पडतो. लेव्हल प्लगच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले की भरणे थांबवावे.

तेल भरून प्रत्येक गिअरमध्ये क्लच शाफ्ट हाताने फिरवावा आणि सुरुवातीला मोजलेले फेरे पुन्हा मोजावेत. कोठेही एका ठरावीक कोनात अडकल्यासारखे वाटले तर एखाद्या दातावर टवका किंवा कचरा आहे. बॉक्स लगेच बसवायचा नसेल तर भोके बंद करून शाफ्ट महिन्यातून एकदा फिरवावा. गाडीत चढवताना बॉक्सचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये आणि तो शेवटचे दोन सेंटिमीटर जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नये. बहुधा क्लच प्लेट मध्यावर नसते. पहिल्या सुमारे हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा पांढऱ्या कापडातून गाळावे. नव्या रिंगा बसताना थोडी सोनेरी धूळ येणारच, पण कापडावर कडक तुकडा दिसला तर बॉक्स उतरवावा आणि वहीतल्या मापांपासून पुन्हा सुरुवात करावी.