छप्पर नसलेल्या माणसाचा मोबाइल करमणुकीसाठी कसा तयार करावा

भुसावळ स्टेशनबाहेर, जळगाव-धुळ्याच्या पुलांखाली, सातपुड्यातून कामाला येऊन उघड्यावर झोपणाऱ्यांत मोबाइल बऱ्याच जणांकडे असतो. अडतं ते चार्जिंग आणि नेट. म्हणून जुना फोन कोणाला देणार असाल तर गाणी, भजनं, सिनेमे आधीच भरून द्या. ‘पोटाला नाही आणि गाणी कशाला?’ असं विचारणारे भेटतील. रात्र उघड्यावर झोपणाऱ्यालाही काढायची असते, हे त्या विचारणाऱ्यांना शांतपणे सांगा.

पहिला प्रश्न त्या माणसालाच विचारा: ‘बाबा, तुमले कोनतं गानं आवडस?’ कोणाला अहिराणी लग्नगीतं हवी असतात, कोणाला कव्वाली, कोणाला कीर्तन. आपल्याच आवडीचं भरलं तर मेमरी कार्ड पडून राहतं.

शक्यतो बटणांचा फोन निवडा. बॅटरी साधारण 1000 एमएएचचीच (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असते, पण स्क्रीन छोटी असल्यामुळे बेताने ऐकलं तर दोन दिवस निघतात. बॅटरी काढता येत असेल तर दुसरी भरून जवळ ठेवता येते.

मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचंच घ्या. त्याहून मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि साधा फोन ‘कार्ड खराब आहे’ म्हणतो. कार्ड नखाएवढं असतं, धुळीत पडलं की गेलं; म्हणून फोनमध्ये बसवूनच हातात द्या. आधी त्याच फोनमध्ये फॉरमॅट करा, मग कॉम्प्युटरवरून गाणी भरा. 128 केबीपीएसच्या (म्हणजे साध्या दर्जाच्या आवाजाच्या) एमपी3ला मिनिटाला सुमारे 1 एमबी लागतो, म्हणजे 4 जीबीत साठ-पासष्ट तास बसतात. देवनागरी नावांच्या जागी अनेक फोनांत चौकोन दिसतात. फायलींना 001, 002 अशी नावं द्या. फोनची स्क्रीन 320 बाय 240 पिक्सेलची असेल तर सिनेमा त्याच मापात बदलून घ्या. मोठा एचडी सिनेमा असा फोन उघडतच नाही, आणि दोष कार्डावर जातो.

रेडिओ विसरू नका. त्याला सिम लागत नाही, नेट लागत नाही, जवळपासचं एफएम केंद्र फुकट ऐकू येतं. बऱ्याच फोनांत वायरचा इअरफोन हाच अँटेना असतो. तो नसेल तर नुसती खरखर येते. इअरफोन लावूनच स्टेशन शोधा, मग आवाज स्पीकरवर घेता येतो. जॅकमध्ये धूळ बसली की एकाच कानात आवाज येतो. काडीला कोरडा कापूस गुंडाळून हळूच पुसा.

स्मार्टफोन असेल तर स्टेशनवरचं रेलवायर वाय-फाय कामी येतं. दिवसाला पहिली 30 मिनिटं फुकट, वेग 1 एमबीपीएस. हिशेबाने 225 एमबी होतात, गर्दीत त्याहून कमी. म्हणजे गाणी उतरतील, सिनेमाचा नाद नको. ओटीपीसाठी चालू सिम लागतं, प्लॅटफॉर्मवर जायला तिकीट लागतं. यूट्यूब ॲपमधला डाउनलोड ॲपमध्येच राहतो आणि काही काळ नेट लावलं नाही तर चालेनासा होतो. ऐकताना स्क्रीन बंद आणि विमान मोड चालू ठेवायला शिकवा. सिग्नल कमी असलेल्या जागी फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो.

पॉवर बँक 10,000 एमएएचची असली तरी प्रत्यक्षात 6,000च्या आसपासच मिळतात: मोठा फोन एकदा, बटणांचा पाच-सहा वेळा. ती भरायला पालिकेचा बेघर निवारा किंवा ओळखीची चहाची टपरी बघा. चार्जर स्वतःचा द्या, आणि फोन लावून कुठे जायचं नाही हे बजावा.

खान्देशचा मे महिना बॅटरीचा खरा वैरी. पारा 44-45वर असताना पत्र्याखाली किंवा उन्हात चार्जिंगला लावलं की बॅटरी फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर ती दाबायची नाही, टोचायची नाही. बंद करून दुरुस्तीच्या दुकानात द्यायची. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावं. पावसाळ्यात दुधाची पिशवी धुऊन, पूर्ण वाळवून त्यात फोन गुंडाळावा, मात्र चार्जिंगच्या वेळी बाहेर काढावा.

झोपताना फोन उशाशी नको. बंडीच्या आतल्या खिशात, बाईमाणूस असेल तर कमरेच्या चंचीत, नाडीला बांधून. *#06# दाबून दिसणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. चोरी झाल्यास पोलिसात तक्रार देऊन सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन बंद करता येतो. तो कागद फोनच्या झाकणात ठेवू नका, आधार कार्डासोबत ठेवा आणि एक प्रत तुमच्याकडे असू द्या.