टाच दुखली की लगेच इन्सोल? धावणाऱ्यांनी या चुका टाळा

धावणाऱ्याचा पाय दुखायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. थोडे दिवस आराम कर, नाहीतर बुटात चांगलं इन्सोल टाक. सांगणारे आपुलकीनेच सांगतात, पण नेमकं काय दुखतंय हे विचारायला कुणी थांबत नाही. मग महिनाभर धावणं बंद राहतं, पायाचा साचा घेऊन बनवलेलं इन्सोल येतं, धावणं पुन्हा सुरू होतं आणि आठवड्याभरात दुखणं परत हजर.

ऑर्थोटिक्स, म्हणजे पायाला आधार देणारे असे इन्सोल, घ्यायचे की नाही हा प्रश्न खरा आहे, पण तो पहिला नाही. आधी दुखणं ओळखायचं, मग पायावरचा भार आवरायचा, ताकद वाढवायला घ्यायची आणि हे चालू असताना इन्सोलची मदत लागते का ते बघायचं. याचं कारण इन्सोलच्या कामातच आहे. अंगाचं वजन आणि जमिनीचा धक्का ते नाहीसा करत नाही. एका जागेवरचा भार काढून दुसऱ्या जागेवर देतं. तो कुठून काढायचा हेच ठाऊक नसेल, तर जिथे नको तिथे जाऊन बसतो.

"पाय दुखतोय" एवढ्यावरच उपाय सुरू करणं

एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. त्यामुळे सगळ्यात आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवून बघा. बोट नेमकं एका ठिकाणी थांबतं, की अख्खा तळवा चोळून दाखवावा लागतो, इथूनच उत्तरं वेगळी व्हायला लागतात.

टाचेच्या तळाशी, थोडं आतल्या बाजूला दुखतंय, सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं नकोशी होतात, चार पावलं चाललं की सैल पडतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर पुन्हा डोकं वर काढतं, असं असेल तर बहुतेक वेळा प्लांटर फॅशिया दुखावलेला असतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला ताणून धरणारा तो जाड पट्टा. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांनाही ते असतं.

दुखणं टाचेच्या मागे असेल तर अकिलीस, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड नस (टेंडन). त्यातही नस हाडाला चिकटते तिथे दुखतंय की चार बोटं वर, हे नीट बघा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम वरच्या दुखण्याला चालतो. हाडाजवळच्या दुखण्यात मात्र टाच पायरीच्या पातळीखाली नेली की नस हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं.

आतल्या घोट्याच्या मागे-खाली ठणका लागत असेल, तर त्या एका पायावर उभं राहून टाच उचलून बघा. उचलता आलीच नाही किंवा तळव्याची कमान कोसळल्यासारखी वाटली, तर कमान उचलून धरणारा स्नायू आणि त्याची नस अडचणीत आहे. यात वेळ घालवू नका, फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मोज्यात खडा अडकल्यासारखं वाटणं, तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या येणं, बूट काढला की बरं वाटणं, ही मॉर्टन्स न्यूरोमाची, म्हणजे बोटांच्या मुळाशी नर्व्हभोवती आलेल्या जाडीची लक्षणं. तिथे पहिला उपाय रुंद चवड्याचा बूट हा आहे. टाचेत जळजळ होत असेल, बधिरपणा असेल, तर नसेवर म्हणजे नर्व्हवर दाब येतोय का ते तपासायला हवं. कमानीखाली कडक आधार देऊन तो दाब वाढूही शकतो.

हाडाच्या दुखण्याला "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणणं

या यादीतली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

"पडलो नाही, पाय मुरगळला नाही, मग फ्रॅक्चर कसं असेल?" हा प्रश्न धावणारे नेहमी विचारतात. प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. नंतर कळलं की चवड्याच्या लांब हाडांना चिरा जात होत्या. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात; वारंवारच्या भाराने जाणाऱ्या अशा चिरेचं एकूण नाव स्ट्रेस फ्रॅक्चर. सवय नसलेला भार पुन्हा पुन्हा आला आणि हाडाला स्वतःची डागडुजी करायला वेळ मिळाला नाही, की हाड न पडता, न आपटता चिरतं.

स्नायू किंवा फॅशियाचं दुखणं वॉर्मअपनंतर बऱ्याचदा सैल पडतं. हाडाचं उलटं असतं. धावू लागल्यावर ते वाढत जातं, पुढे चालतानाही दुखतं, मग रात्री झोपल्यावरही ठणकतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेवर दाबलं की जीव कळवळतो. असं असेल तर धावणं आजच थांबवा. पुन्हा पुन्हा एका पायावर उड्या मारून खात्री करत बसू नका.

दुसरा घोळ एक्स-रेचा. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खुशाल लाँग रनला निघालेले लोक पुढे एमआरआयच्या रिपोर्टसह परततात. लक्षणं हाडाची असतील आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पायातल्या तीन जागा खास जपायच्या. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेलं नॅव्हिक्युलर. करंगळीच्या लांब हाडाची घोट्याकडची बाजू. आणि अंगठ्याच्या मुळाखालची वाटाण्याएवढी सेसमॉइड हाडं. पहिल्या दोन ठिकाणी रक्तपुरवठा कमी, सेसमॉइडवर प्रत्येक पावलाला दाब. म्हणून तिन्ही भरायला वेळ लागतो आणि दुर्लक्ष झालं तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. इथे इन्सोलचे प्रयोग घरच्या घरी करायचेच नाहीत.

आणि एक गोष्ट जी धावण्याच्या ग्रुपमध्ये फारशी बोलली जात नाही. हाडं वारंवार चिरत असतील, पाळी अनियमित झाली असेल किंवा बंद पडली असेल, वजन उतरत असेल, सतत थकवा असेल, तर प्रश्न बुटाचा नाही. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस हे नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं हे स्पष्ट केलं. ही तपासणी टाळू नका, ही मनापासून विनंती.

एकतर पूर्ण बंद, नाहीतर पूर्वीसारखंच चालू

हाडाचा संशय नसेल तर महिनाभर खुर्चीत बसून राहायची गरज क्वचितच असते. विश्रांतीने दुखणं गप्प बसतं, पण नस आणि फॅशियाची भार पेलायची ताकदही त्याच काळात उतरते. मग पहिल्याच धावण्यात तेच दुखणं.

त्यापेक्षा दुखण्याला ० ते १० आकडा द्या. धावताना ३ च्या आत, धावता धावता वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीवर आलंय, तर तेवढं धावणं पायाला झेपतंय. सकाळ वाईट गेली तर आदल्या दिवसाचं धावणं जास्त झालं. वेदनाशामक गोळी घेऊन धावलात तर हे मोजमापच हातातून जातं.

दुखणं सुरू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांची डायरी किंवा घड्याळातली नोंद उघडून बघा. नवा बूट, चढाचा रस्ता, इंटरव्हलचा (आलटून पालटून जोरात-सावकाश धावण्याचा) वाढीव दिवस, किंवा एकदम लांबवलेलं एखादं धावणं, यातलं काहीतरी सापडतंच. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त धावलं की दुखापतीचा धोका वाढतो. आठवड्याच्या बेरजेत मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे एकूण मायलेज बेतात ठेवूनही रविवारची एक मोठी उडी पाय बिघडवू शकते.

टाचदुखीसाठी ताकदीचा एक व्यायाम फार उपयोगी आहे. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात आणि फॅशिया ताणला जातो. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद वरच थांबायचं, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, असे ३ सेट, एक दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घ्यायची. डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या पुढे होते; वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखे झाले. लवकर बरं वाटणं ही धावणाऱ्यासाठी लहान गोष्ट नाही. रोज करायचा मोह मात्र आवरा, मधला दिवस सुट्टीचाच.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण फॅशिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. शर्यत जवळ आली म्हणून ते घेऊ नका.

कमान बघून निर्णय घेणं

ओल्या पायाचा ठसा जमिनीवर उमटवायचा, सपाट दिसला की आधाराचा बूट आणि वर इन्सोल, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या नव्या भरतीवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना कमानीच्या आकारानुसार बूट, बाकीच्यांना सगळ्यांना एकच बूट. दुखापतींच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक पडला नाही.

सपाट पाय न दुखता उत्तम धावत असेल, तर त्याला दुरुस्तीची गरज नाही. दुकानातल्या ट्रेडमिलवर काढलेला व्हिडिओ दाखवून कुणी "तुमचा पाय आत झुकतो" असं सांगितलं, तरी घाबरून जायचं कारण नाही. पाय टेकल्यावर थोडा आत झुकतोच, धक्का पचवायची ती त्याची रीत आहे. पूर्वी कधीच सपाट नव्हता आणि आता एकाच पायाची कमान खाली बसत चाललीय, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

खास बनवून घेतलेलं म्हणजे चांगलंच

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात प्लांटर फॅशियाचं दुखणं असलेल्या १३५ जणांवर तुलना झाली. काहींना नावापुरतं मऊ इन्सोल, काहींना तयार मिळणारं घट्ट, काहींना साच्यावरून बनवलेलं. तीन महिन्यांनी तयार आणि साच्याचं, दोन्हींनी पायाच्या हालचालीत थोडा फायदा दाखवला, एकमेकांत फारसा फरक नव्हता. बारा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे.

यावरून माझा सल्ला सरळ आहे. आधी फिजिओकडून कमानीला टेप लावून घ्या आणि त्या टेपवर दोन-तीन दिवस चाला. आराम पडला तर आधाराचा उपयोग होईल असा अंदाज येतो. मग तयार मिळणारं, मध्यम घट्ट इन्सोल सहा ते बारा आठवडे वापरून बघा. टेपने काहीच फरक पडला नाही तर इन्सोलकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. घालताक्षणी बोचलं तर "हळूहळू सवय होईल" म्हणून सहन करू नका, दुसरं बघा. पायाला ते कसं वाटतं, हा इथे फार मोलाचा पुरावा आहे.

साच्यावरून बनवणं योग्य ठरतं ते तयार इन्सोल पायात बसतच नाही तेव्हा, कमान फार उंच आणि ताठ असते तेव्हा, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असते तेव्हा, किंवा संधिवाताने वा जुन्या फ्रॅक्चरने पायाचा आकार बदललेला असतो तेव्हा. असा पाय असेल तर तयार वस्तूंवर वेळ न घालवता थेट तज्ज्ञांकडे जाणंच बरं.

नवं इन्सोल घालून थेट लाँग रन

पहिल्या दिवशी तासभर घरात किंवा चालताना, मग रोज तास-तासाने वाढवायचं. दिवसभर घालून त्रास होत नाही असं झालं की छोटं, सावकाश धावणं. लाँग रन आणि वेगाची धावणी सगळ्यात शेवटी. यात दोन-तीन आठवडे जातात आणि ते जाऊ द्यावेत. घाई केली की कमानीत फोड येतात, गुडघ्यात किंवा पोटरीत नवंच दुखणं उभं राहतं.

बुटातलं मूळ सॉकलायनर, म्हणजे बुटासोबतच येणारं आतलं पातळ पॅड, आधी काढा. त्याच्यावरच नवं इन्सोल ठेवलं की टाच वर येते, बुटातून निसटू लागते आणि अंगठ्याचं नख पुढे आपटून काळं पडतं. आधीच आधाराचा बूट असेल आणि त्यात घट्ट इन्सोल घातलं, तर दुरुस्ती दुप्पट होऊन पाय बाहेर कलतो. साधा न्यूट्रल, म्हणजे वेगळा आधार नसलेला बूट घ्या. पुढचा बूट घ्यायला जाताना इन्सोल सोबत न्या. न्यूरोमासाठी मेटाटार्सल पॅड (चवड्याला आधार देणारा छोटा गादीचा तुकडा) लावत असाल तर तो चवड्याच्या गाठींच्या थोडा मागे, टाचेच्या बाजूला हवा. नेमका दुखऱ्या गाठींखाली चिकटवला तर दुखणं वाढवतो, आणि बहुतेक जण तो तिथेच चिकटवतात.

घातलं ते घातलंच

इन्सोल सुरू करताना फिजिओला विचारून ठेवा, पुन्हा कधी बघायचं? सहा आठवड्यांनी एकदा, बारा आठवड्यांनी एकदा. बारा आठवड्यांत फरक नसेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं, आणखी जाड इन्सोल घेऊन उपयोग नाही. या काळात तळव्याचे छोटे स्नायूही कामाला लावा: बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान किंचित उचलायची, अंगठा एकटा उचलायचा, मग उरलेली चार बोटं. साओ पाउलोमध्ये ११८ धावणाऱ्यांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात पावलांचे असे व्यायाम न करणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता करणाऱ्यांच्या २.४ पट दिसली.

दुखणं दोन-तीन महिने शांत राहिलं की इन्सोल सोडवायचा प्रयत्न करता येतो. आधी घरात, मग छोट्या चालण्यात, मग सावकाश धावण्यात, लाँग रन सगळ्यात शेवटी. सोडवताना मायलेज वाढवायचं नाही आणि बूटही बदलायचा नाही, नाहीतर दुखलं कशाने ते कळणार नाही. दुखणं परतलं तर एक पायरी मागे या. कुणाला ते कायमचं लागतं, त्यातही काही वाईट नाही. फक्त फोम दबलाय का, कडा झिजल्यात का आणि दोन्ही पायांची जोडी सारखी झिजतेय का, हे बूट बदलताना दर वेळी बघून घ्या.