वृद्धाश्रम बघायला संध्याकाळी जा
कोल्हापुरात आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम बघताय? एकदा वेळ ठरवून जा, दुसऱ्यांदा मात्र न सांगता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी. ऑफिसात बसू नका, अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जा. पाण्याचा पेला हात पोहोचेल असा ठेवलाय का? भरवणारी मावशी घास गिळेपर्यंत थांबते का?

ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. त्याची नोंदवही मागा आणि रात्री दोनच्या रकान्यात सही आहे का ते बघा. आठवडाभराच्या सह्या एका दमात ठोकलेल्या दिसल्या, तर मी तरी माझं माणूस तिथे ठेवणार नाही.

रात्री ड्युटीवर किती जण, सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायची वेळ आली तर गाडी कुणाची, हेही विचारा. इमारत पंचगंगेच्या जवळपास असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, झोपून असलेल्यांना कुठे हलवलं, हे स्पष्टच विचारा. तक्रार करायची झाली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे.